१९६

बंगळूरच्या जयनगरमधल्या एका घरगुती स्टुडिओत मी गेले ती कोन्नक्कोलच्या ओढीनं. तोंडानं बोल म्हणणाऱ्या कलाकारासोबत डिजरिडू वाजणार आहे, हे कळल्यावर राहवेना. ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लॅण्डमध्ये योल्ङु लोक या वाद्याला यिडाकी म्हणतात, आणि त्याचे ठेकेही आधी तोंडानं म्हणून शिकवतात.

दार उघडताच मधमाश्यांच्या मेणाचा वास आला. वाद्याच्या तोंडाला मेणाची कड होती. वादक बंगळूरचाच तरुण; गालात हवा साठवून ती ओठांनी सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा, आणि सूर तुटत नव्हता. तेवढ्या वेळात त्याच्या गळ्याची शीर टचटचीत फुगायची.

संगीत संयोजक मूळचा बेळगावचा. गाणं हिंदोलम रागात, म्हणजे आपल्या मालकंसात. गायिकेचा सा पांढरी पाच, आणि डिजरिडूचा, म्हणजे वाळवीनं पोखरलेल्या निलगिरीच्या त्या खोडाचा, सूर पांढरी एक. त्याला ना खुंटी, ना पडदे. "ह्याला मिळवता येत नाही बघा. आपणच ह्याला मिळायचं," तो म्हणाला. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर वर सरकवणं सोपं होतं, पण मग वादकाच्या तोंडातून आणि गळ्यातून घडलेला नादही सरकतो, म्हणून त्यानं ते टाळलं.

त्यानं वहीत आकडा लिहिला: १९६. खोडाचा सूर साधारण ६५ हर्ट्झ, त्याच्या तिपटीचा उपस्वर १९६, आणि गायिकेचा सा नेमका तोच. मालकंसाला तंबोरा मध्यमावर मिळवतात. इथे खोडच तिचा मध्यम झालं होतं. "१९६ ऐक, त्याच्यावर बस," तो तिला हेडफोनमधून सांगत राहिला. तिसऱ्या टेकला ती बसली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

अडचण पाचव्या उपस्वराची. तो ३२७ च्या आसपास, म्हणजे तिच्या सा वरून शुद्ध धैवत. रागात धैवत कोमल. ईक्यूवर, म्हणजे इक्वलायझरवर, तेवढीच पट्टी तो दाबत होता, पण जास्त दाबलं की खोडाचा जीवच जायचा. आदितालातला मृदंग आणि कोन्नक्कोल एका बैठकीत उरकलं.

या शहराला असले मेळ नवे नाहीत. १९६४ साली इथे सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या कलाकारांनी जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानोसोबत केलेला 'ज्योती' हा अल्बम १९८३ चा. पण आर्नहेम लॅण्डमधलं गाणं कुळाचं असतं, भूमीशी आणि पूर्वजांशी बांधलेलं. हक्काशिवाय ते कुणी गात नाही. योल्ङु कलाकार असलेल्या योथू यिंडी या बँडनं 'ट्रीटी' हे गाणं १९९१ मध्ये रॉकसोबत मांडलं, तो त्यांचा अधिकार होता. संयोजकाकडे विकतच्या ध्वनिसंग्रहात तिकडचा एक गायनाचा तुकडा होता. सुरेख होता. माझ्यासमोर त्यानं तो प्रोजेक्टमधून काढून टाकला. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

श्रेयनामावलीत 'ॲबोरिजिनल संगीत' असं लिहायचं नाही, वादकाचं नाव आणि वाद्याचं नाव एवढंच, हेही ठरलं. धैवताची काटछाट मात्र त्याच्या मनासारखी होत नव्हती. त्यानं वादकाला पुन्हा माइकपुढे बसवलं आणि जीभ थोडी मागे घेऊन वाजवायला सांगितलं.