बरं वाटलं, पण गुण आला का?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या सह्याद्रीच्या रानातल्या गावांत पावसाळा म्हणजे ओल, बुरशी आणि बंद घरात कोंडणारा चुलीचा धूर. दमेकऱ्याची धाप नेमकी तेव्हाच बळावते. मग कुणी काढा घेतो, तर कुणी मृगाला हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळतो. पुढे आराम पडला की त्या औषधाचं नाव होतं.

पण दमा हा मुळातच चढउतारांचा आजार. माणूस औषधाकडे धावतो ते दुखणं शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ते थोडंफार उतरतंच, औषध घ्या वा न घ्या. म्हणून संख्याशास्त्र आधी विचारतं: औषध न घेणाऱ्यांचं काय झालं?

अमेरिकेत मायकेल वेक्सलर आणि टेड कॅपचुक या संशोधकांनी हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ३९ दमेकऱ्यांना आळीपाळीने चार प्रकार मिळाले: श्वासनळी उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही. कोणता प्रकार कधी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा खऱ्या पंपाने २० टक्क्यांनी वाढली, बाकी तिन्हींत जेमतेम ७ टक्क्यांनी. पण ‘किती बरं वाटतंय?’ या प्रश्नाला मिळालेली उत्तरं वेगळीच होती. सुधारणा खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५, खोट्या सुयांनी ४६ आणि काहीच न केल्यावर २१. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटत होतं. श्वासनळ्या मात्र आवळलेल्याच होत्या.

श्वास मोकळा झाला म्हणजे भागलं, असंही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्मा-१’ चाचणीत सौम्य दम्याचे ३,८४९ रुग्ण वर्षभर पाहिले गेले. लागेल तेव्हा फक्त श्वासनळी उघडणारं औषध घेणाऱ्या दर शंभर जणांमागे वर्षाला सरासरी २० तीव्र झटके आले. त्याच वेळी सूज कमी करणारं स्टेरॉइडही ओढणाऱ्यांत ते ७ वर आले. दम्याच्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका, असं सांगितलं, त्यामागे असाच पुरावा होता.

भारतासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. २०१९ च्या अंदाजानुसार जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी आपल्याकडे, पण दम्याने होणारे ४२ टक्के मृत्यूही आपल्याकडेच. म्हणून घरातल्या दमेकऱ्याचा हिशेब वर्षभर ठेवा: किती रात्री झोपमोड झाली, आराम देणारा पंप किती वेळा लागला, किती वेळा दवाखाना गाठावा लागला. हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवा आणि औषध चालू ठेवायचं की बदलायचं, ते त्यावरून ठरू द्या.