बुलबुल पथक आणि बिल्ल्याचा टाका

बुलबुल अथवा गाईड पथकात दाखल झालेल्या मुलीस दीक्षाविधीच्या वेळी एक लहानसा कापडी बिल्ला मिळतो. तो मिळविण्यासाठी तिने वचन पाठ केलेले असते, नियम समजून घेतलेले असतात, रोज एक तरी सत्कृत्य करण्याचा अभ्यास केलेला असतो. बिल्ला हाती येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो गणवेशावर शिवून आलेला दिसतो. या दोहोंमधल्या संध्याकाळी तो कोणी शिवला, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु पथकाच्या साऱ्या शिक्षणाची पारख तेथेच होते. पुष्कळदा तो आईने, थोरल्या बहिणीने किंवा चार पैसे घेऊन शिंप्याने शिवलेला असतो. मुलीने कमावलेली वस्तू दुसऱ्याच्या हाताने तिच्या अंगावर चढते.

ही चळवळ परकीय भूमीत जन्मली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला असता काही मुली तसाच वेष करून तेथे हजर झाल्या आणि आम्हांसही यात घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. १९१० मध्ये त्यांच्यासाठी गाईडची स्वतंत्र संघटना निघाली. १९१४ मध्ये धाकट्या मुलींची शाखा सुरू झाली. तिचे ‘रोझबड’ हे पहिले नाव मुलींनाच रुचेना, म्हणून पुढील वर्षी ते ‘ब्राउनी’ असे बदलले. घरातील माणसे निजली असता गुपचूप येऊन घरकाम उरकून जाणारी लोककथेतील छोटी मंडळी म्हणजे ब्राउनी. आपल्याकडे याच वयाच्या मुली बुलबुल म्हणून ओळखल्या जातात, आणि दहाव्या वर्षानंतर त्या गाईड होतात. हिंदुस्थानात गाईडचे पहिले पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संस्था स्थापन झाली व १९५१ मध्ये गाईड संघटना तीत सामील झाली. संस्थेच्या चिन्हात लिलीचे फूल, तीन पाने आणि अशोकचक्र एकत्र आले आहेत. तीन पाने ही वचनाच्या तीन भागांची खूण होय.

सांगली व मिरज यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील विश्रामबाग हे या विषयाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. तेथे १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय आले, १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय आले. प्राध्यापक, कारकून, रेल्वेचे नोकरदार यांची बिऱ्हाडे वाढली. भोवताली मात्र शेतवस्ती होतीच. अशा परिसरातील शाळेच्या एकाच वर्गात दोन प्रकारच्या मुली बसतात. एकीच्या घरी शिवणयंत्र आहे, पण हातात सुई धरण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच येतो. दुसरीच्या घरी यंत्र नाही. परंतु तिची आजी उन्हाळ्याच्या दुपारी जुनी लुगडी व धोतरे अंथरून वाकळ शिवीत बसते, आणि नात सुईत दोरा ओवून देता देता धावदोरा केव्हा शिकली, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. गणवेशाचा नवा झगा घेणे या दुसऱ्या मुलीच्या घरास जड जाते, म्हणून तिने मागे राहावे, असे पुष्कळदा घडते. बिल्ला शिवण्याचा तास पथकात घेतला, तर याच मुलीस शिकविणारीचे स्थान मिळते. गणवेशाची अडचण शाळेने वेगळ्या मार्गाने सोडवावी. त्यापायी अशी मुलगी पथकाबाहेर राहता कामा नये.

आता प्रत्यक्ष टाक्याविषयी. नव्या सुती झग्यावर लगेच बिल्ला शिवू नये. पहिल्या धुण्यात कापड आटते, आणि मग बिल्ल्याभोवती चुण्या पडतात. म्हणून झगा एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावा. मुलीस तो घालावयास सांगून बाहीवरची जागा खडूने आखून घ्यावी, कारण अंगावर सरळ दिसणारी रेघ आणि जमिनीवर पसरलेल्या झग्यावरची रेघ या दोन्ही एकच नसतात. झगा उतरल्यावर बाहीच्या आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवावा. ही सूचना वरकरणी अनावश्यक वाटेल. तथापि जिने पहिल्यांदाच बिल्ला शिवला आणि दुसऱ्या दिवशी झग्यात हात घालू गेली, तो बाहीची दोन्ही तोंडे एकमेकांस शिवलेली, अशा मुली प्रत्येक पथकात निघतात. आणि मोठेपणी बुलबुलच्या दिवसांची गोष्ट निघाली की, पहिली आठवण हसत हसत हीच सांगितली जाते.

दोरा बिल्ल्याच्या कडेच्या रंगाचा घ्यावा व तो हाताच्या कोपरापर्यंत पुरेल एवढाच असावा. लांब दोरा घेतला की वारंवार ओवावा लागत नाही, असे मुलींस वाटते. पण तो गुंततो, गाठी पडतात आणि शेवटी तोडावा लागतो. प्रथम मोठ्या कच्च्या टाक्यांनी बिल्ला जागेवर धरून ठेवावा. नंतर गाठ आतल्या बाजूस घेऊन कडेने बारीक हेम घालीत जावे. सुई कापडाचे एकदोन धागेच उचलील आणि बिल्ल्याची कड पकडील, असा टाका असावा. कोपऱ्यावर दोन टाके एकाच ठिकाणी घ्यावेत, कारण बिल्ला सुटू लागतो तो कोपऱ्यापासून. शेवटी दोन उलट्या टिपा घालून दोरा तोडावा व कच्चे टाके काढून टाकावेत. सात-आठ वर्षांच्या मुलीस हे सारे करावयास अर्धा तास लागतो. यंत्रावर ते दोन मिनिटांत होते, हे खरे. परंतु दोन मिनिटांत मुलगी काही शिकत नाही. शिवाय पुढे बिल्ला काढताना यंत्राची दाट टीप उसवली, तर बाहीच फाटते.

मुलीच्या हातचा पहिला बिल्ला वाकडा बसतो. तपासणीच्या दिवशी अधिकारी यावयाचे म्हणून तो सर्वांदेखत उसविण्याचा मोह शिक्षिकेने आवरावा. रांगेतले सर्व बिल्ले एका ओळीत दिसले, म्हणून पथक चांगले, असे ठरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याने तसे ठरविले, तर ते त्याचे अज्ञान. वाकडेपणा मुलीस एकटीस दाखवावा, आणि पुन्हा शिवावयाचा की नाही, हे तिलाच ठरवू द्यावे. बहुतेक मुली आपण होऊन पुन्हा शिवतात. मुलग्यांच्या पथकासही हाच नियम लागू आहे. सुई हे मुलींचे हत्यार, ही समजूत शाळेत तरी चालू देऊ नये.

वर्षभरात मुलगी वाढते, झगा आखूड होतो. तेव्हा बिल्ले हलक्या हाताने उसवून नव्या झग्यावर घ्यावे लागतात. त्या जागी जुन्या बाहीवर मूळ रंगाचा एक तुकडा न विटता राहिलेला दिसतो. तोच झगा पुढे धाकट्या बहिणीस मिळाला, तर तिचा बिल्ला नेमका कोठे लावायचा, ते आखावे लागत नाही.

गाईड झाल्यावर बुलबुलचे बिल्ले उतरतात. ते कित्येकींच्या घरी कुंकवाच्या किंवा बिस्किटांच्या डब्यात पडून असतात आणि नातीने डबा उघडला की बाहेर येतात. परदेशांतील गाईड मुली निराळे करतात. मेळाव्यांतून अदलाबदल करून मिळालेले नाना देशांचे बिल्ले त्या शिबिरात पांघरावयाच्या घोंगडीवर शिवून टाकतात. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात गाईडचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र उघडले; तेथे अनेक देशांतील मुली येतात. त्यांची ती बिल्ल्यांची घोंगडी सांगलीकडच्या एखाद्या आजीपुढे पसरली, तर तिला ती ओळखण्यास वेळ लागणार नाही. फार तर ती उलटी करून टाके किती बारीक आहेत, ते पाहील.