दुःखाला रंग द्या

घरातले माणूस गेले की आम्ही कार्यकर्ते सांत्वनाला जातो, ‘रडू नका’ म्हणतो आणि परततो. पुढची रात्र त्या घरालाच काढावी लागते.

अमेरिकेतील चित्रकार ली क्रॅसनर यांचे पती, चित्रकार जॅक्सन पोलॉक, १९५६ साली मोटार अपघातात गेले; १९५९ साली आईही गेली. झोप उडाली. तेव्हा त्या रात्री चित्रे काढू लागल्या. दिव्याच्या उजेडात रंगीत काम त्यांना आवडत नसे, म्हणून तपकिरी, पांढरे असे मोजकेच रंग घेतले. चित्रात ना माणूस, ना घर. नुसते कुंचल्याचे फटकारे. पुढे त्यांच्या चित्रांत रंग परतले.

कलोपचारातही चित्र सुबक आहे का, हे पाहत नाहीत. तेव्हा बंधुभगिनींनो, दुःखी माणसापुढे कोरा कागद आणि मुलांचे रंगखडू ठेवा. काय काढले, असे विचारू नका, जवळ बसा.