कमरेचा बटवा, आपल्याच मापाचा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून एकच विषय निघतो. 22 जुलै 2021. त्या दिवशी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. इकडे महाड शहरात सावित्रीचं पाणी घराघरात शिरलं होतं. गेलेल्या माणसांची भरपाई कशानेच होत नाही. मागे राहिलेल्याला मात्र पहिल्या दिवसापासून कागद लागतात. आधार, रेशनकार्ड, पासबुक. दरड नाहीतर पूर आला, तर या कागदांसाठी कुणी परत घरात शिरू नये. म्हणूनच आज आम्ही कमरेला बांधायचा बटवा शिवायला सांगणार आहोत.

यात नवीन काही नाही. आपल्या आज्यांचे पैसे कनवटीला असत, पानाची चंची कमरेला असे. बाजारात कमरेच्या पिशव्या मिळतात, पण त्या साडीवर नीट बसत नाहीत आणि लावणीला वाकलं की पोटात रुततात.

कापड कुठलं? मोडकी छत्री. काड्या गेल्या तरी नायलॉनचं कापड शाबूत असतं. छत्रीला बहुधा आठ कळ्या असतात, त्यातल्या न फाटलेल्या दोन आपल्याला पुरतात. पट्ट्याला जुन्या सुती साडीचा काठ घ्यायचा. सुई, दोरा आणि दोन टिचबटणं, खर्च काय तो एवढाच.

आता माप. आमच्या गटाने पहिला बटवा उभं राहून, पोट आत घेऊन मापला होता. खाचरात उकिडवं बसल्याबरोबर बटण तटकन उडालं! म्हणून माप जेवणानंतर घ्या, उकिडवं बसून घ्या, आणि कामावर जे नेसता त्याच्यावरूनच घ्या. टेप नसेल तर सुतळी चालेल. आलेल्या मापात गाठीसाठी एक हात वाढवा. पट्टा शिवून दीड इंच रुंद हवा. त्यासाठी चार इंची काठ कापा, दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच आत मुडपा आणि मधे दुमडून टीप घाला.

पट्टा रुंद का, तेही ऐका. परकराची नाडी घट्ट बांधून कमरेला करकोचा पडतो, काळं होतं, आणि आपण ते मनावर घेत नाही. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिगत वैद्यकीय मासिकात मांडली. वर्षानुवर्षांच्या काचाने झालेली जखम भरलीच नाही आणि तिथे कातडीचा कर्करोग झाला. अशी वेळ क्वचित येते. पण कमरेवरची जखम भरत नसेल तर दवाखान्यात दाखवा, नाडी सैल बांधा आणि तिच्या जागी रुंद पट्टी घाला.

पिशवीचं माप तुमच्या मोबाइलवरून. कव्हरसकट फोनला लांबीच्या बाजूने टेप गुंडाळा, निम्मं करा, अर्धा इंच सैल ठेवा. साधारण साडेसात इंच येईल. दोन्ही बाजूंची माया धरून साडेआठ इंच रुंद आणि दहा इंच लांब तुकडा कापा. आधी वर्तमानपत्राचा नमुना कापून कळीवर ठेवून बघा, कारण कळी वर निमुळती होत जाते. नायलॉनला टाचण्या लावू नका, पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

साडेआठ इंचांच्या दोन्ही कडा अर्धा इंच मुडपून शिवा. मागच्या भागावर, वरच्या कडेजवळ, पट्टा सरकेल एवढ्या काठाच्या दोन पट्ट्या आडव्या नव्हे, उभ्या लावा. मग सुलटी बाजू आत ठेवून तुकडा मधोमध दुमडा आणि फक्त दोन बाजू शिवा. तळाला शिवण येत नाही, घडी येते, म्हणून पाणी तिथून झिरपत नाही. हाताने शिवत असाल तर धावदोरा नको, टीप घाला. उलटवून घ्या आणि शिवणीवर मेणबत्तीचा तुकडा चोळा. झाकणासाठी दुसऱ्या कळीतून साडेआठ बाय चार इंचांचा तुकडा घ्या, तीन बाजू मुडपा, चौथी मागच्या तोंडाला जोडा आणि टिचबटणं लावा.

तरीही कागद नुसते ठेवायचे नाहीत. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड तीनदा दुमडायचं. आधार, रेशनकार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी, थोडे पैसे. झाकणाच्या आतून घरच्या माणसाचा नंबर धाग्याने शिवून ठेवा, फोन बंद पडला तर पाठ कुणाला असतो! त्याच्याखाली जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 शिवा.

बटवा साडीवरून, पदराखाली बांधा. पोटावर नको, पाठीमागेही नको, कमरेच्या हाडाच्या जरा पुढे. उजव्या हाताने विळा धरत असाल तर डाव्या बाजूला, डावखुऱ्या असाल तर उलट. घालून दोनदा वाका, एकदा बसा. रुतला तर पट्टा तसाच ठेवून पिशवी चार बोटं सरकवा. रात्री जोराचा पाऊस असेल तर उशाशी न ठेवता बांधूनच झोपा. गाठ सरगाठच मारा, ओली झाली तरी एका ओढीत सुटली पाहिजे.