पट्टा-करवतीचे चलित्र आणि निकामी धारित्र

वऱ्हाडात मृग नक्षत्र जवळ आले की सुताराच्या दारी वखर, डवरा आणि तिफण यांची रीघ लागते. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरांमुळे ही रीघ आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. तथापि बाभळीचे जू, सागाची चौकट अथवा कडुनिंबाची फळी कापण्याचे काम काही संपलेले नाही. लहान कारखान्यांतून हे काम पुष्कळदा पट्टा-करवतीवर होते. दोन चाकांवरून फिरणारी पोलादी पात्याची अखंड माळ आणि ती फिरवणारे विद्युत् चलित्र, एवढाच या यंत्राचा मुख्य पसारा होय. कारागीर त्याला ‘बँडसॉ’ म्हणतो व चलित्राला ‘मोटर’.

ऐन हंगामात कळ दाबावी आणि पाते फिरण्याऐवजी चलित्राने नुसते गुरगुरावे, हा प्रसंग कारागिरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अशा वेळी ‘मोटर जळाली’ असा निर्णय देऊन ती नवी गुंडाळी भरण्यासाठी अमरावतीस पाठवली जाते. त्यात चार दिवस जातात आणि खर्चही बराच येतो. वास्तविक पुष्कळ प्रसंगी गुंडाळी शाबूत असते. निकामी झालेले असते ते चलित्राच्या पाठीवरील नळकांड्यात बसवलेले धारित्र, म्हणजेच बाजारातील ‘कंडेन्सर’. या लहानशा घटकावाचून संपूर्ण यंत्र का अडते, हे समजल्यावाचून दोषाचे निदान निश्चित करता येत नाही.

एककला चलित्राची मूळ अडचण

गावठाणातील लहान कारखान्यास बहुधा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा एककला, म्हणजे सिंगल फेजचा, पुरवठा असतो. अशा पुरवठ्यावर एकच गुंडाळी जोडली तर तिच्यात उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. ते एकाच अक्षावर कमीअधिक होत राहते व दिशा पालटते. गणिताच्या दृष्टीने अशा स्पंदनशील क्षेत्राची फोड परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांत करता येते. फिरता भाग स्थिर असताना ही दोन्ही क्षेत्रे त्यास सारख्याच जोराने विरुद्ध दिशांना ओढतात. यास्तव निष्पन्न परिपीडन शून्य होते आणि चलित्र गुरगुरत जागीच थांबते.

परंतु त्यास कोणत्याही एका दिशेने थोडी गती मिळाली की समतोल मोडतो. त्या दिशेच्या क्षेत्राचा जोर वाढतो, विरुद्ध क्षेत्राचा घटतो आणि चलित्र वेग घेऊ लागते. चार ध्रुवांचे चलित्र ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावर मिनिटास १५०० फेऱ्यांच्या समकालिक वेगाच्या थोडे खाली, साधारणपणे १४४० फेऱ्यांवर, स्थिरावते. चाकाला हाताने झटका दिला असता करवत चालू होते, हे कारागिराला अनुभवाने ठाऊक असते. दोन फिरत्या क्षेत्रांचा सिद्धांत पदव्युत्तर विद्यार्थी जो फळ्यावर शिकतो, त्याचाच हा प्रत्यक्ष पडताळा होय.

चलित्र आपण होऊन सुरू व्हावे यासाठी दुसरी, साहाय्यक गुंडाळी मुख्य गुंडाळीशी काटकोनात बसवतात व तिच्या मार्गात धारित्र घालतात. मुख्य गुंडाळीतील प्रवाह दाबाच्या मागे राहतो, तर धारित्रामुळे साहाय्यक गुंडाळीतील प्रवाह दाबाच्या पुढे जातो. दोहोंतील कलांतर ९० अंशांच्या जवळ आले म्हणजे एकत्रित क्षेत्र खरोखर फिरू लागते. अशा फिरत्या क्षेत्राचे तत्त्व गॅलिलेओ फेरारिस यांनी तुरिन येथे १८८५ साली प्रयोगाने दाखवले व १८८८ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी निकोला टेस्ला यांना अमेरिकेत त्यांच्या चलित्रांची पेटंटे मिळाली. धारित्र उघडे पडले की ही दुसरी कला नाहीशी होते आणि चलित्र पुन्हा आपल्या मूळ अडचणीशी येऊन थांबते.

झटका देऊन चालवण्यातील धोका

हाताने चाक फिरवून काम भागवण्याची रीत दोन कारणांनी त्याज्य आहे. पहिले असे की, चलित्र कोणत्या दिशेने फिरेल हे आता केवळ हाताच्या झटक्यावर अवलंबून असते. करवतीच्या पात्याचे दाते खाली रोखलेले असतात. चाक उलटे फिरले तर पाते लाकडाला मेजावर दाबण्याऐवजी वर उचलते, आणि बोटे पात्याजवळ असताना काय घडू शकते हे सांगावयास नको. झटका देण्यासाठी चाकावरील झाकण काढून ठेवलेले असते, हा आणखी एक धोका. दुसरे कारण उष्णतेचे. थांबलेले चलित्र पूर्णभाराच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे सहा पट प्रवाह म्हणजे छत्तीस पट उष्णता होय. प्रारंभी केवळ धारित्राचा असलेला दोष काही क्षणांत गुंडाळीचा होतो. ‘मोटर जळाली’ हे निदान तेव्हा मात्र खरे ठरते.

निदानाचा क्रम

प्रथम पुरवठा तोडावा. केवळ कळ बंद करणे पुरेसे नाही. नंतर पात्याचा ताण सैल करून व चलित्राचा पट्टा उतरवून चाके आणि चलित्राचा दांडा निरनिराळे हाताने फिरवून पाहावेत. बेअरिंग अडकले असेल किंवा पाते मार्गदर्शकात रुतले असेल, तर धारित्राचा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

यानंतर धारित्राकडे वळावे. तथापि त्यास स्पर्श करण्यापूर्वी त्यातील विद्युत् भार काढून टाकणे अत्यावश्यक आहे. २३० व्होल्ट पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. १०० मायक्रोफॅरडचे धारित्र त्या दाबाला भारलेले राहिले, तर त्यात सुमारे ५.३ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेचकसाने दोन्ही टोके जोडून ठिणगी काढण्याची प्रथा धारित्रास आणि कारागिराच्या डोळ्यांस सारखीच घातक आहे. त्याऐवजी १०,००० ओहमचा, काही वॅट क्षमतेचा रोधक निरोधक आवरणाच्या तारांनी दोन्ही टोकांस सुमारे दहा सेकंद जोडून धरावा व मग दाबमापकाने खात्री करून घ्यावी.

फुगलेला डबा, पाझरलेले तेल किंवा तडकलेले बूड ही बाह्य लक्षणे होत. परंतु बाहेरून निर्दोष दिसणारे धारित्रही आतून क्षीण झालेले असू शकते. म्हणून मोजमाप हवे. धारिता मोजणारे साधन असल्यास प्रश्नच नाही. नसल्यास, चलित्र चालते असताना, कायम जोडलेल्या धारित्राच्या तारेतील प्रवाह चिमटा-मापकाने मोजावा व त्याच वेळी धारित्राच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. हे काम अर्थातच जाणत्यानेच करावयाचे. ५० हर्ट्‌झला प्रवाहास दाबाने भागून ३१८३ ने गुणले असता धारिता मायक्रोफॅरडमध्ये मिळते. उदाहरणार्थ, ३६ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून २३० व्होल्टला २.६ अँपिअर प्रवाह वाहावयास हवा. तो १.३ अँपिअरच भरला, तर धारिता निम्मी उरली असे समजावे. येथे पुरवठ्याचा दाब गृहीत धरून चालत नाही, कारण चालत्या चलित्रात धारित्रावरील दाब पुरवठ्याहून बराच अधिक असतो. कायम जोडावयाच्या धारित्रावर ४४० व्होल्ट असा अंक छापलेला आढळतो, त्याचे कारण हेच.

धारित्र निर्दोष आढळले आणि तरीही गुरगुर कायम राहिली, तर साहाय्यक गुंडाळीचे सातत्य आणि केंद्रोत्सारी कळ तपासावी.

योग्य धारित्राची निवड

धारित्रे दोन प्रकारची असतात. प्रारंभ-धारित्र विद्युत् विच्छेद्य जातीचे व मोठ्या धारितेचे असते. ते काही क्षणच मार्गात राहते. चलित्राने सुमारे तीनचतुर्थांश वेग गाठला की केंद्रोत्सारी कळ त्यास अलग करते. ही कळ चिकटून राहिली तर धारित्र तापून फुटते, आणि कळ न सुधारता घातलेले नवे धारित्रही त्याच मार्गाने जाते. चालू-धारित्र पॉलिप्रोपिलीनच्या धातुलेपित पापुद्र्यांचे असते व सतत मार्गात राहते. पापुद्र्यास कोठे छिद्र पडले तर त्याभोवतीचा धातूचा लेप उडून जातो आणि दोष आपोआप मिटतो. मात्र प्रत्येक वेळी थोडी धारिता कमी होते. म्हणूनच असे धारित्र एकाएकी न मरता हळूहळू क्षीण होत जाते. करवत मोकळी असता चालू होते, पण पाते ताणले की अडते.

नवे धारित्र त्याच जातीचे, त्याच धारितेचे आणि तितक्याच किंवा अधिक दाबाचे असावे. चालू-धारित्राच्या जागी प्रारंभ-धारित्र कदापि बसवू नये. ‘मोठा कंडेन्सर, जास्त जोर’ ही समजूतही चुकीची आहे. अवाजवी धारितेमुळे साहाय्यक गुंडाळीतील प्रवाह वाढतो व ती तापते. चलित्रांसाठीच्या धारित्रांविषयी भारतीय मानक आय. एस. २९९३ आहे, त्या मानकाची खूण असलेला माल निवडणे श्रेयस्कर.

दोषाचे मूळ

धारित्र बदलून करवत फिरू लागली तरी ते का गेले हा प्रश्न शिल्लक राहतो. वऱ्हाडातील मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. पत्र्याच्या छपराखालील चलित्राच्या पाठीवर ते याहून पुष्कळ अधिक असते. विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीस साधारण निम्मे होते, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. दुसरे कारण दाबाचे. लांब व बारीक तारेतून आलेला पुरवठा २३० ऐवजी १८० व्होल्ट असला, तर प्रारंभीचे परिपीडन दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे ६१ टक्केच उरते. चलित्र वेग घेण्यास अधिक वेळ लावते, आणि तेवढा वेळ प्रारंभ-धारित्र व गुंडाळी दोन्ही तापत राहतात. तिसरे कारण लाकूडकामाचेच. बोथट पाते, ओले बाभळीचे ओंडके आणि चलित्राच्या पंखजाळीत साचलेला भुसा यांमुळे भार व उष्णता दोन्ही वाढतात.

यास्तव दुरुस्तीनंतर पट्टा चढवून करवत प्रथम मोकळी व नंतर लाकूड घालून चालवावी, दोन्ही वेळचा प्रवाह नामपट्टीवरील अंकाशी ताडून पाहावा, आणि धारित्रावर बसवल्याची तारीख व मोजलेली धारिता लिहून ठेवावी. पुढील हंगामापूर्वी तीच धारिता पुन्हा मोजली असता ती किती घटली हे कळते, आणि मृगाच्या तोंडावर करवत अडण्यापूर्वीच धारित्र बदलता येते.