बारा शाळांची बाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘बाई, तुमची शाळा कोणती?’ हा प्रश्न एसटीत शेजारी बसणारी बाई मला हमखास विचारते. मी सांगते, ‘एक नाही, बारा आहेत.’ मग ती माझ्याकडे जरा संशयानेच पाहते. मी विशेष शिक्षिका आहे. पूर्वीचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा, त्यातल्या कळंब आणि भूमकडच्या गावांतून मी फिरत असते. माझी शाळा माझ्या पिशवीत असते. ब्रेलची पाटी, अंध मुलांना गणित शिकवायची टेलर फ्रेम, मोठ्या अक्षरांत लिहून काढलेले धडे, बोटांची पकड नीट बसावी म्हणून पेन्सिलीला चढवायचे रबरी नळीचे तुकडे, आणि श्रवणयंत्राच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या. या बॅटऱ्यांविषयी आज मला थोडे जास्त बोलायचे आहे.

त्याआधी कामाची ओळख. विशेष शाळा वेगळी आणि आमचे काम वेगळे. गावातल्या नेहमीच्या शाळेतच दिव्यांग मुलाने इतरांबरोबर शिकावे, आणि त्यासाठी लागणारी मदत त्याच्यापर्यंत जावी, अशी ही व्यवस्था आहे. केंद्र सरकारने अशी योजना १९७४ मध्येच सुरू केली होती. पुढे १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. कागदावर वाट रुंद होत गेली. त्या वाटेने चालणारी माणसे मात्र फार थोडी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, की प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर अशी ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. एक केंद्र म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांचा गट. माझ्या बारा शाळांचा हिशेब आता तुमच्या लक्षात आला असेल.

मला विचाराल तर सगळ्यांत अवघड वर्ग सहावी ते आठवीचे. लहान वर्गात मूल बोलले नाही तर ‘लाजतंय’ म्हणून चालून जाते. एकच गुरुजी दिवसभर असतात, त्यांना त्याच्या खाणाखुणा कळतात. सहावीत विषय वाढतात, शिक्षक बदलतात, इतिहासाची वाक्ये लांबलचक होतात आणि नुसत्या पाठांतरावर भागत नाही. शिवाय वय बारा-तेरा. चारचौघांत वेगळे दिसायचे नाही, हा या वयाचा पहिला नियम. यंत्र लावायचे तर केसांखाली, आणि चष्मा दप्तरात.

सहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली ती ‘अभ्यासात लक्ष नाही’ या शेऱ्यासह. आईवडील ऊसतोडीला जाणारे. आजी म्हणाली, ‘बाई, लेकराला समदं ऐकू येतंय की! ट्रॅक्टर आला की पळत जातंय बघाया.’ आजीचे खरेच होते. मी श्रुतलेखनाची वही मागवली. ‘साप’च्या जागी ‘आप’, ‘शाळा’च्या जागी ‘आळा’. चूक प्रत्येक वेळी त्याच जागची. आळशी मुलाच्या चुका अशा शिस्तीत नसतात.

बहिरेपण म्हणजे सगळा आवाज बंद, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ मुलांना ट्रॅक्टरचा, ढोलाचा जाड आवाज ऐकू येतो. पण स, श यांसारखे बारीक, वरच्या पट्टीचे ध्वनी निसटतात. आता मराठी वाक्यात ‘स’ कुठे कुठे येतो ते बघा. ‘आहे’ आणि ‘आहेस’ यांतला फरकच नाहीसा होतो. म्हणून पाठीमागे टाळी वाजवून कान तपासता येत नाही. मी तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स असे सहा ध्वनी उच्चारते आणि मुलाला तेच म्हणायला सांगते. तिने चार बरोबर म्हटले आणि दोन वेळा नुसतीच माझ्याकडे पाहत राहिली. ही पक्की तपासणी नव्हे, पण कुठे पाठवायचे ते यावरून कळते. पक्की तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, आलेख निघाला आणि काही महिन्यांनी यंत्र आले.

इथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका मुलीला शिबिरात यंत्र मिळाले होते. मी रजिस्टरमध्ये ‘साहित्य दिले’ असे लिहिले आणि पुढच्या गावाला गेले. चार महिन्यांनी तिच्या घरी गेले, तर यंत्र पेटीत, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलेले. बॅटरी दहा-बारा दिवसांत उतरली होती. गावातल्या घड्याळवाल्याकडे तसली बॅटरी नव्हती, आणि बाईंना विचारावे तर बाई कुठे होत्या? महागाची वस्तू म्हणून त्या माउलीने ती जपून ठेवली होती. ती मुलगी सातवीनंतर शाळेत गेली नाही. रजिस्टरमध्ये मात्र माझे काम पूर्ण होते.

तेव्हापासून बॅटऱ्या पिशवीत असतात. या बॅटऱ्या हवेवर चालतात. वरची रंगीत चिकटपट्टी काढली की त्या सुरू होतात, आणि मग यंत्र बंद ठेवले तरी उतरत राहतात. म्हणून पट्टी हौसेने आधीच काढायची नाही, हे घरच्यांना शिकवावे लागते. कानात बसणारा साचाही मूल वाढते तसा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते, वर्ग हसतो आणि मुलगी यंत्र काढून टाकते. खरे तर दोष साच्याचा असतो. तो बदलला की शिट्टी थांबते.

सहावीतल्या मुलीचे यंत्र आले, पण यंत्र लावले म्हणजे लगेच सारे कळू लागले असे होत नाही. तिला खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या शिक्षकांचे ओठ दिसत नसत, कारण उजेड तिच्याच डोळ्यांवर येई. फळ्याकडे तोंड करून बोललेले तर सगळेच वाया. विज्ञानाच्या सरांच्या मिशा भरघोस, ओठ झाकणाऱ्या. मी भीतभीतच विषय काढला. सर काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला पाहिले तर मिशा कातरलेल्या. वीस वर्षांच्या मिशा होत्या हो त्या!

प्रत्येक मुलासाठी आम्ही वैयक्तिक आराखडा करतो. त्यात मोठे शब्द लिहायचा मोह होतो. भूमकडे खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. तिथला सातवीतला एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या मागे होता, अपूर्णांक त्याच्या डोक्यात शिरेना. पण घरच्या भट्टीवर तो पाव किलो आणि अर्धा किलो बरोबर तोलायचा. मी मापे घेऊन बसले. पाव आणि पाव मिळून अर्धा, हे त्याने मला शिकवल्यासारखे सांगितले. तेच मग आम्ही वहीत आणले. समीकरणे त्याला आली नाहीत, आणि मी ती आणायचा हट्टही धरला नाही. त्याच्या वडिलांना मात्र तो दहावी पास व्हायला हवा होता. त्यांच्याशी माझे आजही पटलेले नाही.

सातवी संपली की आमच्या भागात खरी परीक्षा सुरू होते. पुष्कळ गावांत शाळा सातवीपर्यंतच, आठवीला शेजारच्या मोठ्या गावी जावे लागते. योजनेत प्रवासभत्ता आहे, मदतनीस भत्ता आहे, दिव्यांग मुलींसाठी महिन्याला दोनशे रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. पण त्या पैशांनी फाट्यावर एकटी उभी राहणाऱ्या मुलीच्या आईची काळजी मिटत नाही. त्यातून ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मुलगी आईवडिलांबरोबर फडावर गेली की सहा महिने गेले. फडावर पाचट, धूळ, घाम. यंत्राचा तिथे टिकाव लागत नाही.

मी त्या मुलीच्या आईला एवढेच म्हणाले, ‘ताई, पोरगी आजीजवळ राहू द्या.’ ती म्हणाली, ‘बाई, कोयता दोघांचा असतो. फडावर धाकट्याला कोण बघंल?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही दोघी, आजी आणि गुरुजी बराच वेळ बसलो. हंगामाच्या काळात गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यातून मुलीच्या जेवणाचे जमले. धाकटा आईबरोबर गेला.

आता ती आठवीत आहे. शेजारच्या गावी मैत्रिणीबरोबर एसटीने जाते. बॅटऱ्यांचे एक पाकीट मी त्या फाट्यावरच्या किराणा दुकानदाराकडे ठेवले आहे. पट्टी काढायची नाही, एवढे त्याला दोनदा सांगितले आहे.