परदेशाचा अर्ज : वकील केव्हा लावावा?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडनला त्यांनी अर्थशास्त्राच्या पदव्यांबरोबर बॅरिस्टरीही पूर्ण केली. त्या वाटेने जाण्याची उमेद आज आपल्या राहू बेटातल्या मुलामुलींतही दिसते, याचा आम्हांला अभिमान वाटतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत मिळते. दोन्हींचा लाभ आपल्या बौद्ध विद्यार्थ्यांना घेता येतो.

परंतु परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले की घरात नवीच काळजी सुरू होते. व्हिसाच्या अर्जाला वकील लावायचा का? कोणी सांगतो, वकिलाशिवाय फाईल हलत नाही. कोणी पुण्यातल्या एजंटाचा पत्ता देतो. मग आईच्या अंगावरचे चार मणी गहाण पडतात, नाहीतर उसाच्या बिलावर उचल घेतली जाते. हा खर्च खरोखर आवश्यक आहे काय, याचा विचार शांतपणे व्हावा म्हणून हा लेख.

प्रश्न माहितीचा की कायद्याचा?

आमच्या मते निर्णयाची कसोटी एकच आहे. अडचण माहितीची आणि कागदांची असेल तर वकील नको. अडचण कायद्याची असेल तर वकील हवाच, आणि तोही वेळेवर.

साधा विद्यार्थी व्हिसा हे बहुतांशी कागदांचे काम आहे. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या नियमानुसार खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते. आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून पैसे आणून खात्यात भरले तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. यात वकिलाने काय करावे? तारखा मोजायला आपण समर्थ आहोत. अमेरिकेच्या व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत असते. तेथे अधिकाऱ्यापुढे विद्यार्थ्यानेच उभे राहायचे आणि कोणता अभ्यासक्रम, का, पैसा कोठून, परत येऊन काय करणार, हे आपल्या तोंडाने सांगायचे असते. प्रत्येक देशाची कागदांची यादी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. इंग्रजी जड वाटत असेल तर शिक्षक, शिष्यवृत्तीवर जाऊन आलेले विद्यार्थी किंवा संस्थेचे कार्यकर्ते यांच्याबरोबर बसून ती यादी समजून घ्यावी.

नावांतील फरकाचेही तसेच. आजोबांच्या दाखल्यावर एक आडनाव, वडिलांच्या दाखल्यावर दुसरे, मुलाच्या पासपोर्टवर तिसरे, असे आपल्या घरांत पुष्कळदा आढळते. नाव बदलायचे असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात ते प्रसिद्ध करता येते. त्यासाठी ठरलेला अर्ज व फी आहे. खटला लढवावा लागत नाही. मात्र हे काम प्रवेशाच्या आधी वर्षभर हाती घ्यावे.

वकील केव्हा हवा?

पहिला प्रसंग फौजदारी खटल्याचा. आपल्या चळवळीत मोर्चे, आंदोलने झाली आणि तरुणांवर गुन्हेही दाखल झाले. कोरेगाव भीमा तर आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात. जानेवारी २०१८ मधील घटना आणि ३ जानेवारीचा महाराष्ट्र बंद यांनंतर अनेक ठिकाणी असे गुन्हे नोंदले गेले. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण वाट बंद नाही. केंद्र शासनाच्या २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार, ज्या न्यायालयात खटला आहे त्याने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळू शकतो. नुसती फिर्याद नोंदली आहे की दोषारोपपत्र जाऊन खटला उभा आहे, हे तपासणे आणि न्यायालयापुढे अर्ज करणे, हे वकिलाचेच काम. येथे पैसे वाचवू नयेत. गुन्हा लपवणे तर त्याहून वाईट. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देण्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरा प्रसंग व्हिसा नाकारला गेल्याचा. आधी नकाराचे पत्र नीट वाचावे. अमेरिकेत कलम २१४(ब) खाली नकार आला तर अपील नसते. उणीव दूर करून पुन्हा अर्ज करणे हाच मार्ग. ब्रिटनबाहेरून केलेला विद्यार्थी व्हिसाचा अर्ज फेटाळला गेल्यास २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते. कॅनडाबाहेरून केलेल्या अर्जाच्या निर्णयाविरुद्ध तेथील फेडरल न्यायालयात जायचे तर मुदत ६० दिवसांची, आणि त्यासाठी तेथला वकील लागतो. तिसरा प्रसंग पूर्वी मुदत संपल्यावर परदेशात राहिल्याचा, तेथून परत पाठवले गेल्याचा किंवा खोट्या माहितीचा आरोप असल्याचा. अशा वेळी स्वतः अर्ज भरण्याचे धाडस करू नये.

कायद्याचा प्रश्न म्हणजे काय, हे एका जुन्या उदाहरणावरून कळेल. भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांनी अमेरिकेचे नागरिकत्व मागताना आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरे, असा युक्तिवाद केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तो फेटाळला. जातीचा अभिमान सातासमुद्रापार उपयोगी पडला नाही. निकालानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व आधीच मिळाले होते, त्यांचेही काढून घेण्यास सरकारने सुरुवात केली. थिंडचे वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ पासून नागरिक होते. त्यांच्यावरही खटला आला. मिळालेल्या नागरिकत्वावर विसंबून मी व्यवसाय व संसार उभा केला, आता इतक्या वर्षांनी ते हिरावणे अन्यायाचे, हे त्यांचे म्हणणे १९२६ साली अपील न्यायालयाने मान्य केले. अशा लढाईला वकीलच लागतो.

वकील, सल्लागार आणि एजंट

पाटी कोणतीही लावता येते, म्हणून माणूस पारखून घ्यावा. आपल्याकडील वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते. तेवढ्यावरून त्याला परदेशाच्या कायद्याचा अधिकार मिळत नाही. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियात असा सल्ला देणाऱ्यांच्या नोंदणीसाठी सरकारी वा कायद्याने नेमलेल्या संस्था आहेत. तेथे नाव शोधून पाहता येते. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र शासनाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारताच जो रागावतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

२०२३ मध्ये कॅनडात गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर परत पाठवले जाण्याची पाळी आली. त्यांच्या अर्जासोबतची प्रवेशपत्रे बनावट निघाली होती. फसवले एजंटाने, पण अर्जावर सही विद्यार्थ्याची होती. त्या देशात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी आहे. अमेरिकेत तर ती जन्मभर भोवू शकते. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नये, भरलेला अर्ज ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पाठवू देऊ नये, मूळ कागद व पासवर्ड कोणाच्या ताब्यात ठेवू नयेत आणि फीची पावती घ्यावी. ‘व्हिसा शंभर टक्के’ असे सांगणाऱ्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. निर्णय त्याच्या हातात नसतो.

पैसे नसतील तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. पुण्याला जिल्हा प्राधिकरण आणि दौंडला तालुका समिती आहे. खटल्यातील परवानगीसारख्या येथल्या न्यायालयातील कामासाठी आधी तेथे जावे. जातीचा दाखला बरोबर न्यावा. ही दया नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा. वकील लावण्यापूर्वीही हेच करायचे आहे. आणि पंचशीलातले चौथे शील, असत्य न बोलण्याचे, व्हिसाच्या अर्जावरही लागू आहे, हे ध्यानात ठेवायचे आहे. वकील आपली बाजू मांडील, पण ती खरी असण्याची जबाबदारी आपलीच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज करण्यापूर्वी आपले कागद घेऊन संस्थेत या. आपण मिळून पाहू. वकील लागत नसेल तर तेवढे पैसे पुस्तकांना होतील, आणि लागत असेल तर मुदत टळण्याआधी गाठू.

जयभीम!